आधी मोजा, मग वाटा, मग बांधा: गावाच्या पाण्याचं नियोजन टप्प्याटप्प्याने

पाणीटंचाई जाणवायला लागली की कारभारी मंडळी धावपळ करतात. नवी बोअर घेतली जाते, टँकर मागवला जातो, बंधाऱ्याचा प्रस्ताव तयार होतो. धडपड प्रामाणिक असते, पण क्रम उलटा असतो. बंधारा आधी उभा राहतो, त्यात किती पाणी येणार हे नंतर कळतं, आणि ते पाणी कोणी किती उपसायचं यावर बैठकच होत नाही. दोन वर्षांत बंधाऱ्याच्या काठाने नव्या बोअर पडतात आणि विहिरी पूर्वीसारख्याच उन्हाळ्याच्या आधी तळ गाठतात.

रस्ता, दिवाबत्ती, सभागृह ही कामं एक वर्ष पुढे ढकलली तरी चालतात, पाण्याचं नियोजन चालत नाही. घरातला गळका नळ घरमालक बदलू शकतो, शेतकरी आपल्या रानात ठिबक टाकू शकतो. पण एकाच खडकातून पन्नास जण उपसा करत असतील, तर एकूण उपसा किती असावा हे त्यांच्यापैकी एकटा कोणीच ठरवू शकत नाही. तो निर्णय सर्वांना एकत्र बसवू शकणाऱ्यालाच घेता येतो, आणि त्याने टाळला तर सर्वांत खोल बोअर असणारा तो सर्वांच्या वतीने घेऊन टाकतो. म्हणून हे काम कारभाऱ्यांच्या यादीत पहिलं हवं.

खाली दिलेला क्रम बदलू नका. बहुतेक फसलेली कामं टप्पा 5 पासून, म्हणजे थेट बांधकामापासून, सुरू झालेली असतात.

## तयारी: माणसं, वेळ, नकाशा

पाच ते सात जणांचा गट करा. त्यात पाणी सोडणारा माणूस हवाच, कारण कोणता व्हॉल्व्ह अर्धा अडकलेला आहे आणि कोणत्या गल्लीला पाणी शेवटी पोचतं हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. घरचं पाणी भरणाऱ्या दोन तरी बायका हव्यात, एक मोठा बागायतदार आणि एक कोरडवाहू शेतकरी हवा. नुसत्या पदाधिकाऱ्यांचा गट केला की आकडे कागदावर सुंदर दिसतात आणि कोणी पाळत नाही.

वेळ महत्त्वाची. पहिली मोजणी पाऊस सुरू होण्याआधी आणि दुसरी पाऊस थांबल्यावर, पुढच्या हंगामाची पेरणी ठरण्यापूर्वी. पेरण्या झाल्यावर पाण्याच्या जमा-खर्चाचा ताळेबंद मांडून उपयोग नाही. रानात उभं असलेलं पीक कोणी मोडत नाही.

नकाशावर विहिरी, बोअर, टाक्या, ओढे, नाले, झरे आणि उताराची दिशा दाखवा. हाताने काढलेला चालेल. प्रत्येक विहिरीला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक तिच्या कठड्यावर रंगवा.

तपासा: नकाशावर सगळ्या बोअर आल्या का? वापरात नसलेल्या आणि नोंद नसलेल्याही आल्या पाहिजेत. बोअर लपवण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, म्हणून मोजणी दंडासाठी नाही हे पहिल्याच दिवशी घरोघरी जाऊन सांगा आणि तो शब्द पाळा.

## टप्पा 1: पाणी मोजा

पाऊस. साधं पर्जन्यमापक बसवा, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर. रोज सकाळी ठरलेल्या वेळी एकाच माणसाने नोंद करायची. दूरच्या केंद्राचा आकडा घेऊ नका, कारण काही किलोमीटरवर पाऊस निम्मा किंवा दुप्पट असू शकतो. हिशेब सोपा आहे: 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर, आणि 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर म्हणजे 10,000 लिटर, अर्थात 10 घनमीटर.

विहिरीची पातळी. सगळ्या विहिरी मोजायची गरज नाही. माथ्याला, मध्यावर आणि पायथ्याला मिळून दहा-बारा निरीक्षण विहिरी निवडा आणि दर वेळी त्याच मोजा. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधा. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि कायम तिथूनच टेप सोडा. नट पाण्याला टेकला की 'टप्प' असा बारीक आवाज येतो आणि टेप हाताला हलकी लागते. तिथे थांबून आकडा वाचा. मग टेप थोडी वर ओढा, पुन्हा सोडा, पुन्हा वाचा. दोन्ही आकडे जुळले तरच वहीत लिहा.

इथे हमखास एक चूक होते आणि ती आमच्याकडूनही झाली आहे. एका वर्षी आम्ही उत्साहाने सकाळी नऊ वाजता निघालो आणि दुपारपर्यंत अकरा विहिरी मोजून मोकळे झालो. कागदावर शेजारशेजारच्या दोन विहिरींत साडेतीन मीटरचा फरक दिसत होता. खडकाचा काही प्रकार असेल म्हणून दोन दिवस त्यावर चर्चा केली. शेवटी त्या विहिरीच्या मालकीणबाईंनी सांगितलं, "अहो, तुम्ही आलात तेव्हा मोटर नुकतीच बंद केली होती." सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. तेव्हापासून आम्ही रात्रभर उपसा बंद ठेवायची विनंती आदल्या दिवशी करतो आणि पहाटे मोजतो.

विहिरीतला साठा. गोल विहिरीसाठी त्रिज्येचा वर्ग गुणिले 3.14 गुणिले पाण्याची खोली. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्याचा प्रत्येक मीटर म्हणजे सुमारे 28,000 लिटर. हा आकडा घरोघरी सांगा. आपल्या विहिरीत किती लिटर आहे हे बहुतेकांनी कधी मोजलेलं नसतं.

झरा, नळ, पंप. माहीत असलेल्या मापाची बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ पुरेसं आहे. 15 लिटरची बादली 30 सेकंदांत भरली तर मिनिटाला 30 लिटर, दिवसाला 43,200 लिटर. तीनदा भरा आणि सरासरी घ्या.

सावधान: पंपावर लिहिलेली अश्वशक्ती किंवा कंपनीने दिलेला प्रवाह हिशेबात धरू नका. विहीर जुनी, पाइप जुना, उपसा खोल, त्यामुळे प्रत्यक्ष पाणी बरंच कमी पडतं. तोंडाशी बादली धरून मोजलेलाच आकडा खरा.

## टप्पा 2: जमा आणि खर्च मांडा

मोठे आकडे लिटरमध्ये लिहिले की शून्यं मोजताना चुका होतात. टीसीएम वापरा. 1 टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे 10 लाख लिटर.

समजा क्षेत्र 500 हेक्टर आहे आणि पाऊस 600 मिलिमीटर झाला. एकूण पाणी पडलं 3,000 टीसीएम. हा आकडा ऐकला की बैठकीत चेहरे खुलतात आणि इथेच पहिला मोठा घोटाळा होतो. यातलं बरंचसं पाणी बाष्प होऊन उडतं, पिकं आणि झाडं पितात, काही ओढ्याने निघून जातं. जमिनीत मुरून विहिरीला मिळणारा वाटा लहान असतो. कठीण खडकाच्या भागात तो साधारण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी धरावा. आपल्या उदाहरणात 300 टीसीएम.

आता हाच आकडा दुसऱ्या वाटेने काढा. पावसाआधीची आणि नंतरची पातळी तुमच्याकडे आहे. समजा सरासरी 4 मीटरने पाणी वर आलं. खडकाच्या पोकळ्यांतून प्रत्यक्ष सुटणारं पाणी काळ्या कातळात आकारमानाच्या 1 ते 3 टक्के असतं, वाळूच्या गाळात ते कितीतरी जास्त, पंधरा टक्क्यांच्या घरात. 2 टक्के धरले तर 500 हेक्टर गुणिले 4 मीटर गुणिले 0.02 म्हणजे 400 टीसीएम.

एका पद्धतीने 300, दुसरीने 400. घाबरू नका, जमिनीखालचं पाणी एवढ्या ढोबळपणेच मोजता येतं. लहान आकडा घ्या. सरासरी काढण्याचा मोह आवरा. पाणी उरलं तर आनंदच आहे, कमी पडलं तर उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरावं लागतं.

आता खर्च. क्रमही असाच ठेवा:

1. ओढ्याचा वाटा. जमिनीखालून पाणी आपोआप ओढ्याकडे सरकतच असतं. 10 टक्के म्हणजे 30 टीसीएम.
2. माणसं. 2,000 लोक, प्रत्येकी रोज 70 लिटर, वर्षभर: सुमारे 51 टीसीएम. जागतिक आरोग्य संघटना मूलभूत गरजांसाठी माणशी 50 ते 100 लिटर धरते, तेव्हा 50 च्या खाली नियोजनच करू नका.
3. जनावरं. 500 मोठी जनावरं, प्रत्येकी 50 लिटर: सुमारे 9 टीसीएम.
4. राखीव. पुढचा पाऊस लांबला तर म्हणून 60 टीसीएम. याला हात लावायचा नाही.

300 मधून हे 150 गेले, शेतीला उरले 150.

आता पिकं मांडा. 1 हेक्टरवर 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे बरोबर 1 टीसीएम. उसाला पूर्ण वाढीसाठी 1,500 ते 2,500 मिलिमीटर लागतं, गव्हाला 450 ते 650. त्यातला पावसाने भागणारा वाटा वजा करा आणि सिंचनाचाच आकडा धरा. उसाला सिंचनाचे हेक्टरी 20 टीसीएम धरले तर 150 टीसीएममध्ये साडेसात हेक्टर बसतो. गव्हाला 5 धरले तर 30 हेक्टर. हरभऱ्याला दोन हलक्या पाळ्यांचे दीड टीसीएम धरले तर 100 हेक्टर. हे तीन आकडे मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहा आणि थोडा वेळ काहीही बोलू नका. लोक आपापसांत बोलू लागतात, आणि खरं नियोजन तिथून सुरू होतं.

तपासा: एकच पाणी दोनदा मोजलं नाही ना? बंधाऱ्यातून मुरलेलं पाणी विहिरीच्या पातळीत आधीच धरलेलं असतं. ते पुन्हा "बंधाऱ्याचा साठा" म्हणून जमेत घेतलं तर ताळेबंद फुगतो. अनेक वर्षांपासून खोल खडकात साठलेलं पाणीही जमेत धरू नका. ते वर्षाच्या पावसातून भरून निघत नाही.

## टप्पा 3: गळती आधी थांबवा

गळतीतून वाचवलेलं पाणी सर्वांत स्वस्त. त्यासाठी खोदावं लागत नाही आणि कोणाचा वाटाही कमी होत नाही.

रात्री सगळे झोपल्यावर, साधारण 1 ते 5 च्या दरम्यान, टाकी भरणं थांबवा आणि पातळी मोजा. चार तासांनी पुन्हा मोजा. 5 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद टाकीत पातळी 10 सेंटिमीटरने उतरली तर 2,000 लिटर गेले. त्या वेळी कोणी पाणी भरत नव्हतं, म्हणजे ते जमिनीत गेलं. मग एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करत जा. ज्या गल्लीनंतर पातळी स्थिरावते, तिथे खोदा.

सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ वर्षाला दहा हजार लिटरहून जास्त पाणी घालवतो. सार्वजनिक नळांची तोट्या-वॉशरची दुरुस्ती एकाच आठवड्यात उरकून टाका. टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह नसेल तर बसवा. भरून वाहणाऱ्या टाकीखालचं हिरवंगार गवत गावाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त कोणी त्याचे लिटर मोजलेले नसतात.

## टप्पा 4: वाटपाचे नियम

इथे बहुतेक जण कच खातात. बांधकामाला विरोध होत नाही, उपशाच्या मर्यादेला होतो. पण नियमाशिवाय केलेलं पुनर्भरण, म्हणजे जमिनीत पाणी मुरवणं, हे सामायिक खात्यात पैसे भरून चेकबुक सर्वांना वाटण्यासारखं आहे.

जगभरच्या सामायिक पाण्याच्या, कुरणांच्या आणि जंगलांच्या व्यवस्था अभ्यासून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिलं की वापरणाऱ्यांनी स्वतः ठरवलेले, त्यांनीच देखरेख केलेले आणि पायरीपायरीने शिक्षा असलेले नियम टिकतात. त्यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात शेतकऱ्यांनीच निवडलेलं पाणी न्यायमंडळ आजही दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी बसतं आणि कालव्याच्या पाण्याचे तंटे तोंडी, त्याच ठिकाणी निकालात काढतं. शिकायचं ते एवढंच: निवाडा जवळचा, लवकरचा आणि सर्वांसमोर हवा.

नियम थोडे ठेवा, पाच-सहा पुरेत. अनुभवाने सांगतो, हे टिकतात:

- पिण्याच्या विहिरीभोवती ठरलेल्या अंतरात शेतीची नवी बोअर नाही.
- जास्त पाणी पिणाऱ्या पिकाचं एकूण क्षेत्र दर वर्षी ताळेबंदावरून ठरेल. कोणाला किती ते चिठ्ठ्या टाकून किंवा आळीपाळीने.
- विहिरीतलं पाणी उपसून अस्तर घातलेल्या शेततळ्यात साठवायचं नाही.
- उपशाच्या पाळ्या फळ्यावर लिहिलेल्या असतील.
- चुकल्यास पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा पाळी बंद, तिसऱ्यांदा दंड.

शेततळ्याचा नियम सर्वांत वादाचा ठरतो, म्हणून त्याचं कारण आकड्यात सांगा. कोरड्या, उष्ण दिवसांत उघड्या पाण्यातून रोज 5 ते 8 मिलिमीटर उडतात. 6 मिलिमीटर धरले तर एका हेक्टरच्या तळ्यातून रोज 60,000 लिटर. जमिनीखाली सावलीत असलेलं सर्वांचं पाणी वर काढून एकाच्या रानात उन्हात ठेवायचं, असा त्याचा अर्थ होतो. पावसाचं वाहतं पाणी शेततळ्यात साठवणं ही वेगळी आणि चांगली गोष्ट आहे. दोन्हींत गल्लत होऊ देऊ नका.

सावधान: पहिला दंड कारभाऱ्याच्या नातेवाइकाला माफ झाला की नियम त्याच दिवशी संपला. आधी स्वतःच्या रानातलं क्षेत्र कमी करा, मग बैठक बोलवा.

तपासा: लहान शेतकऱ्याचं नुकसान मोठ्याइतकंच होतंय का? टक्केवारी समान असली तरी अर्ध्या एकरवाल्याला ती झेपत नाही. त्याच्यासाठी किमान वाटा आधी बाजूला काढा.

## टप्पा 5: आता बांधकाम

माथ्यापासून पायथ्याकडे या. वर टेकडीवर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले) आणि झाडझाडोरा, मध्ये बांधबंदिस्ती आणि दगडी बांध, सर्वांत शेवटी खाली नाल्यावर बंधारा. उलट केलं तर वरची उघडी माती पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत बंधाऱ्यात येऊन बसते.

1. समतल चर खरंच समतल आहेत का, हे पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने तपासा. नजरेवर जाऊ नका. तिरका चर पाणी अडवत नाही, ते वाहून नेतो आणि घळ पाडतो.
2. जुन्या बंधाऱ्यांतला गाळ आधी काढा. नव्यापेक्षा खर्च कमी. मात्र मुरूम लागला की थांबा. पाझर लागणारा थर खरवडून खोल खड्डा केला की दिसायला साठा वाढतो, पण आजूबाजूच्या विहिरींचा तोल बिघडतो.
3. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची वाट, पुरेसा रुंद ठेवा. बंधारे फुटतात ते बहुधा सांडवा अपुरा पडल्याने किंवा पाणी बाजूने वाट काढल्याने.
4. छतावरचं पाणी. 100 चौरस मीटर छतावर 600 मिलिमीटर पावसात, वीस टक्के नुकसान धरूनही, 48,000 लिटर मिळतात. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, गाळणी लावा.

सावधान: रस्त्याचं, गोठ्याचं किंवा शेताचं गढूळ पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. गाळाने खडकाच्या भेगा बुजतात. त्याच पाण्यासोबत खतं, कीटकनाशकं आणि जंतू सर्वांच्या पिण्याच्या पाण्यात उतरतात. एकदा बिघडलेला खालचा साठा स्वच्छ करायला वर्षं लागतात.

## टप्पा 6: पाण्याची प्रत

वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि नंतर, पिण्याच्या प्रत्येक स्रोताचा नमुना प्रयोगशाळेत द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लक्षात ठेवा: फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅम, नायट्रेट 50 मिलिग्रॅम. शेवटच्या घराच्या नळाला उरलेलं क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. टाकीजवळ तपासून समाधान मानू नका.

बोअर खोल नेली की पाणी मिळेल, पण ते पिण्याजोगं असेलच असं नाही. अनेक भागांत फ्लोराइड खोल खडकातच जास्त सापडतं. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, आणि मुलांच्या दातांवर डाग पडेपर्यंत उशीर झालेला असतो.

## टप्पा 7: फळा आणि ठरलेल्या तारखा

जिथे सगळे दिवसातून एकदा तरी येतात अशा जागी फळा लावा. त्यावर चारच ओळी: आजवरचा पाऊस, निरीक्षण विहिरींची सरासरी पातळी, गेल्या वर्षी याच दिवशीची पातळी, राखीव साठा. दर पंधरवड्याला आकडे बदला. बदलायचं काम शाळेतल्या मुलांकडे दिलं तर घरी त्याची चर्चा होते.

टंचाईचे टप्पेही आधीच लिहून ठेवा, पाणी भरपूर असतानाच. उदाहरणार्थ, पातळी अमुक मीटरखाली गेली की बांधकामाला आणि गाड्या धुवायला पाणी बंद. त्याखाली गेली की शेतीच्या पाळ्या निम्म्या. त्याखाली गेली की फक्त माणसं आणि जनावरं. 2018 च्या फेब्रुवारीपासून केपटाउनमध्ये माणशी रोज 50 लिटरची मर्यादा लागू झाली, आणि धरणांची पातळी दर आठवड्याला जाहीर होत होती. लोकांनी वापर घटवला, कारण आकडा सर्वांना दिसत होता.

वर्षाच्या शेवटी ताळेबंद उघडा. ठरवलेला उपसा किती, झालेला किती, राखीव उरला का? चूक दहा-वीस टक्क्यांची असेल तर पुढच्या वर्षी पुनर्भरणाची टक्केवारी दुरुस्त करा. चूक निम्म्याची असेल तर कुठेतरी न मोजलेली बोअर किंवा न सापडलेली गळती आहे. नकाशा घ्या आणि विहीर क्रमांक 1 पासून पुन्हा चालायला लागा.